सीटमागची रायफल

आमच्याकडे एखादा माणूस आतून फार खचला, की तो आपल्या बंदुका उचलतो आणि मित्राच्या घरी नेऊन ठेवतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. मागच्या दारानं येतो, गोधडीत गुंडाळलेल्या रायफली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "घरात जरा ओल आलीय. गंजतील. राहू देत तुझ्याकडे थोडे दिवस." मित्र म्हणतो, "राहू देत की." मग कॉफी होते, हवापाण्याचं बोलणं होतं आणि माणूस घरी जातो. काय झालं, परत कधी नेणार, हे विचारायचं नसतं. पूर्व कोलोरॅडोच्या या माळावर पाऊस इतका कमी, की कुणाच्याही घरात ओल येणं शक्य नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

माझा नवरा रे जिवंत होता तेव्हा आमच्या कपाटातही अशा बंदुका आल्या आणि परत गेल्या. गारपिटीनं गहू झोपवला त्या वर्षी एक जण आला होता. तो आज सत्तरीचा आहे आणि प्रत्येक लग्नात वाईट नाचतो. त्याला नाचताना बघितलं की मला ते कपाट आठवतं.

ही गोष्ट मात्र माझ्या दिराची, व्हर्लिन बेंडरची. त्याच्या कपाटात आमच्यापेक्षा जास्त बंदुका आल्या असतील. त्यानं कधी सांगितलं नाही, आणि माझ्यासारख्या चौकस बाईनंही कधी विचारलं नाही.

व्हर्लिन रेचा धाकटा भाऊ. उंच, वाळका, मान जरा पुढे. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "माझ्याशी लग्न करण्याइतकी धीराची बाई या काउंटीत होती, पण तिनं हार्लनशी केलं." हार्लन त्याचा लहानपणापासूनचा मित्र. हे तो त्याच्या तोंडावर म्हणायचा, आणि हार्लनची बायको आयलीन हातातलं फडकं त्याच्या डोक्यात मारायची. दर रविवारी चर्च सुटलं की व्हर्लिन त्यांच्याकडे जेवायला. आयलीनच्या हातचे कोबी-खिम्याचे बन तो चार खायचा आणि पाचवा खिशात घालून न्यायचा. चाळीस वर्षं हा रविवार चुकला नाही.

त्याच्या शर्टाच्या खिशात देशाच्या राज्यघटनेची एक छोटी पुस्तिका असायची. कडा झिजलेल्या, पानं घामानं पिवळी. लोक खिशात सिगारेट ठेवतात तशी तो ती ठेवायचा, आणि वाद निघाला की काढायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. सरकार जितकं लांब, तितकं ते तुम्हाला कमी ओळखतं. आणि जे आपल्याला ओळखत नाही त्याच्या हातात आपली मान देऊ नये. आधी घर, मग चर्च, मग शेजार, मग काउंटी. राज्याची राजधानी त्याच्यानंतर, आणि वॉशिंग्टननं फक्त युद्ध आणि टपाल बघावं, तेही टपाल वेळेवर यायला लागलं तर. मीही मतदानाला त्याच बाजूनं जाते, आजपर्यंत गेले, पुढेही जाईन. हे आधीच सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून काही लोकांना वाटतं की मी बदलले, आणि मग मला राग येतो.

दर वसंतात अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये तो गावच्या पोरांना शिकारीचे नियम शिकवायचा. फुकट. "बंदूक भरलेलीच आहे असं समजून हातात घ्यायची. रिकामी आहे असं बापानं सांगितलं तरी. बोट चापाच्या बाहेर." माझी दोन्ही मुलं त्याच्याकडे शिकली. हार्लनची मुलगी कॉरिनसुद्धा. ती तर बाटल्यांची झाकणं उडवायची. ती पुढे डेन्व्हरला गेली, शिकली, नर्स झाली, आणि निवडणुकीच्या वेळी बापाच्या अंगणात उभ्या असलेल्या प्रचाराच्या पाटीकडे बघून तोंड फिरवायला लागली. आमच्याकडे हे आता घरोघरी आहे.

काही वर्षांपूर्वी राजधानीत तो कायदा झाला. घरच्या माणसानं किंवा पोलिसांनी जजकडे जाऊन सांगायचं, की अमक्याच्या हाती बंदूक असणं धोक्याचं आहे, त्याच्या स्वतःच्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या. जजला पटलं तर बंदुका जप्त. आमच्या डॅनबी गावात त्या दिवशी लोक असे बोलत होते, जणू टोळधाड आली.

जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये, जिथे वासरांचा लिलाव होतो तिथे, सगळी काउंटी जमली. व्हर्लिनला बोलायला उभं केलं. तो भाषणबाज नाही. पुस्तिका हातात घेतली, उघडली नाही.

"माणसानं गुन्हा केला नाही, आणि तरी त्याची वस्तू न्यायची," तो म्हणाला. "उद्या तो वाईट वागेल असं कुणाला तरी वाटतं म्हणून. हा न्याय मला कळत नाही. आणि आमच्यातला कुणी खचला तर काय, असं ते विचारतात. आम्हाला कोर्ट कशाला पाहिजे? आमच्याकडे कपाटं आहेत."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बऱ्याच पुरुषांनी टाळ्या वाजवताना खाली बघितलं. त्यांच्या बंदुका कधी ना कधी कुणाच्या कपाटात राहिल्या होत्या. काउंटीनं ठराव केला की हा कायदा इथे चालणार नाही. बंदुका जप्त करायचं काम ज्याचं, त्या शेरीफनं माइकवर शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "मी कुणाच्या दारात जाणार नाही." ठराव फ्रेम करून त्याच्या कार्यालयात लावला. हार्लन व्हर्लिनच्या शेजारी बसला होता. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली ती इतक्या जोरात, की पुस्तिका खाली पडली.

मग आला तो फेब्रुवारी. आयलीनला पोटदुखी म्हणून दवाखान्यात नेलं आणि कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. महिनाही गेला नाही. तिला पुरलं तेव्हा जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. सगळं गाव हार्लनकडे डबे घेऊन गेलं. मीही नेला. व्हर्लिनकडे कुणी डबा नेला नाही. तो कोण लागत होता तिचा?

माझा कॅफे गावच्या एकुलत्या एका चौकात आहे. पहाटे शेतकरी येतात, खिडकीजवळच्या टेबलावर चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवतात, जो हरेल तो सगळ्यांच्या कॉफीचे पैसे देतो. हार्लन यायचा बंद झाला. त्याच्या गाई व्यायला आल्या होत्या, आणि ऐन थंडीत दोन वासरं कुंपणापाशी मेलेली सापडली. जो माणूस वासराला स्वतःच्या बाथटबमध्ये गरम पाण्यात बसवायचा, त्याची वासरं.

व्हर्लिन वाट बघत होता. मला ते कळत होतं. त्यानं आपलं कपाट आवरलं, जुने कोट काढून चर्चच्या गरिबांच्या पेटीत टाकले. जागा केली. मागच्या दाराचा दिवा दुपारीसुद्धा चालू असायचा. हार्लन काही आला नाही.

मार्च गेला. एप्रिल गेला. व्हर्लिन रोज त्याच्याकडे जायचा, गाईंना चारा टाकायचा, भांडी घासायचा, समोर बसायचा. दोघं टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत. शेवटी एक दिवस त्यानं ते केलं, जे आमच्यात कुणी करत नाही. त्यानं विचारलं.

"हार्लन, तुझ्या घरात ओल तर आली नाही ना?"

हार्लननं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "माझं घर कोरडं आहे."

आणि थोड्या वेळानं, खिडकीतून बाहेरचा हिरवा गहू बघत, सहज बोलावं तसं म्हणाला, "कापणीपर्यंत थांबीन म्हणतो. उभं पीक दुसऱ्याच्या गळ्यात टाकून जाणं बरं दिसत नाही."

हे व्हर्लिननं मला सांगितलं ते नंतर. त्या दिवशी तो कॅफेत आला, फासे न टाकताच कॉफी घेतली आणि ती गार होईपर्यंत पेल्यात बघत बसला. मी म्हटलं, "काय रे, पेल्यात काय मासे आहेत?" तो हसला नाही.

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन बंदुका उचलून का आणल्या नाहीत? माझाही पहिला प्रश्न तोच होता. पण आमच्याकडे माणूस आपणहून देतो तेव्हाच ती आणता येते. न देता आणली तर ती चोरी, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याला सांगणं, की तू आता माणूस उरला नाहीस. व्हर्लिननं आयुष्यभर हेच शिकवलं होतं. सरकारला जे करू देत नाही, ते स्वतः कसं करायचं?

मेच्या शेवटी कॉरिन आली. दोन आठवडे राहिली आणि जायच्या दिवशी डेन्व्हरला न जाता थेट काउंटी कोर्टात गेली. अर्ज दिला. जजबाईंनी तडकाफडकी काही केलं नाही. आठवड्याभरात दोन्ही बाजू ऐकते म्हणाल्या. संध्याकाळच्या आत सगळ्या काउंटीला कळलं. बापाच्या बंदुकांवरून कोर्टात गेलेली लेक. फासे टाकणाऱ्यांच्या टेबलावर त्या दिवशी तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते मी इथे सांगणार नाही. एकाला मी बाहेर काढलं, एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी कॉरिन कॅफेत आली. व्हर्लिन कोपऱ्यात चिलीत, म्हणजे घेवडा-खिम्याच्या तिखट रश्श्यात, दालचिनीचा रोल बुडवून खात होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अंकल व्हर्लिन, बाबांनी तुम्हाला साक्षीला बोलावलंय."

"हो."

"त्यांच्या बाजूनं."

"त्याच्या बाजूला मी आहेच, पोरी. आजपासून नाही." त्यानं रोल खाली ठेवला. "तू जजकडे कशाला गेलीस? घरातली गोष्ट होती. त्या बाईनं हार्लनला कधी बघितलंय? तिला काय ठाऊक तो कोण आहे?"

"मी आधी त्यांच्याकडेच मागितल्या. दोनदा. ते म्हणाले, तू डेन्व्हरला जा, तुझी मुलं तिथे आहेत."

"मग थांबायचं. अजून महिनाभर थांबायचं."

"तुम्ही थांबलात ना," कॉरिन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फेब्रुवारीपासून तुम्ही इथेच आहात. मला एकच सांगा. तुमच्या कपाटात किती आल्या?"

व्हर्लिननं रोल पुन्हा हातात घेतला. तिचे डोळे भरले, तिनं ते मनगटानं पुसले, माझ्याकडून बापासाठी दोन रोल बांधून घेतले आणि गेली. ती चूक आणि हा बरोबर असता, तर मला कुणावर तरी नीट रागावता आलं असतं. दोघंही बरोबर होते आणि हार्लन घरात एकटा होता.

तेव्हा व्हर्लिननं मला ते कापणीचं सांगितलं. मी कॉफीची किटली हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"कोर्टात सांगणार?" मी विचारलं.

"मित्रानं मित्राला सांगितलेली गोष्ट आहे, जोलीन."

"म्हणून?"

"म्हणून, आणि अजून एक. मी सांगितलं, की उद्या राजधानीतले म्हणतील, बघा, त्यांचाच माणूस आमच्या कायद्यानं चालला. आज हार्लन खरोखर खचलाय. उद्या एखादी भांडकुदळ बायको जाईल, शेतावर डोळा असलेला एखादा पुतण्या जाईल. ते दार तेव्हा मी उघडलेलं असेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर बायबलवर हात ठेवून खोटं बोललो."

"मी तुझ्या शपथेचं विचारत नाहीये, तुझ्या राजधानीचंही नाही," मी म्हटलं, आणि हातातली कॉफीची किटली इतक्या जोरात आपटली की झाकण उडालं. "बाहेर बघ. गहू पिवळा पडायला लागलाय."

त्यानं बाहेर बघितलं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि माझा दीर मधोमध, हातात रोल घेऊन.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. टोप्या मांडीवर ठेवून सगळे पुरुष एका बाजूला बसले, कॉरिन दुसऱ्या बाजूला एकटी. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे कुणी कसं बघितलं ते मी बघितलं नाही. हार्लननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री त्यानं स्वतः केलेली, एका बाहीवर दोन घड्या पडलेल्या. आयलीन असती तर असा जाऊ दिला नसता.

त्याच्या वकिलानं व्हर्लिनला बोलावलं. व्हर्लिननं शपथ घेतली. वकील म्हणाला, "तुम्ही हार्लन डीट्झना किती वर्षं ओळखता?"

"चालायला लागल्यापासून."

"त्यांच्यापासून कुणाला धोका आहे असं तुम्हाला वाटतं?"

व्हर्लिननं खिशाला हात लावला, पुस्तिका चाचपली, हात काढून घेतला.

"आधी एक सांगतो," तो म्हणाला. "हा कायदा चुकीचा आहे. तो झाला तेव्हा मी तसं बोललो, आजही बोलतो. मी मरेन तेव्हाही माझं मत तेच असेल."

मागून कुणीतरी टाळी वाजवायला लागला. जजबाईंनी नुसतं बघितलं, तो थांबला.

"पण विचारलंय हार्लनचं. तर हार्लनकडे आज बंदूक असू नये." तो जजबाईंकडे वळला. "तो मला म्हणाला, कापणीपर्यंत थांबतो. त्याला पीक उभं टाकून जायचं नाही. मी त्याला ओळखतो. तो बोलला की करतो."

वकिलाचं तोंड उघडं राहिलं. हार्लन व्हर्लिनकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. कुणीतरी आपलं दार बाहेरून उघडलं आणि आपण आत उघडे बसलेलो आहोत, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

जजबाईंनी विचारलं, "त्यांच्या घरी कुठकुठल्या बंदुका आहेत?" कॉरिननं कपाटातल्या सांगितल्या. व्हर्लिन साक्षीच्या खुर्चीतून उठला होता, दोन पावलं चालला, थांबला.

"आणि ट्रकच्या सीटमागची," तो म्हणाला. "कोल्ह्यांसाठी ठेवलेली. ती सगळे विसरतात."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

एक वर्ष बंदुका जप्त ठेवायचा हुकूम झाला. फ्रेममधल्या ठरावाखालून टोपी उचलून शेरीफ निघाला, आणि ज्या दारात जाणार नाही म्हणाला होता त्या दारात गेला. त्याला बोल लावत नाही. तो हार्लनच्या व्हरांड्यात टोपी हातात धरून उभा राहिला आणि बंदुका गाडीत ठेवून झाल्यावर आत जाऊन त्यानं एक तास कॉफी प्यायली.

जुलैत कापणी झाली. न सांगता सहा हार्वेस्टर हार्लनच्या शेतात आले, आणि दोन दिवसांत गहू कोठारात गेला. व्हर्लिनचा हार्वेस्टरही रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. हार्लननं चालत जाऊन त्याला काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. व्हर्लिननं यंत्र वळवलं आणि घरी नेलं. कापणीनंतरचे आठवडे आम्ही सगळे पाळतीवर होतो. कॉरिन सुट्टी काढून आली. पाद्री रोज काहीतरी निमित्त काढायचे. ऑगस्टच्या मध्यावर हार्लन कॅफेत आला, बारीक झालेला, पण दाढी केलेली. फासे टाकले, हरला आणि सगळ्यांच्या कॉफीचे पैसे दिले. मी आत जाऊन भांड्यांच्या पाण्यात रडले.

तो वाचला, एवढं म्हणून ही गोष्ट इथेच संपवावी असं मला फार वाटतं.

पण व्हर्लिनचं काय झालं ते सांगायला हवं. कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. आमचे लोक तसले नाहीत. फक्त तो कॅफेत आला की त्याच्यासाठी कुणी खुर्ची सरकवत नव्हतं. एकदा कुणीतरी पेल्यात फासे खुळखुळवत म्हणालं, "आमच्याकडे कपाटं आहेत," आणि बाकीचे हसले. हळू हसले, पण हसले. वसंतातला शिकारीचा वर्ग पोरांच्या बापांनी शेजारच्या काउंटीत न्यायचं परस्पर ठरवलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर तो एकटा. आणि डेन्व्हरच्या एका पेपरनं लिहिलं, की एका कट्टर शेतकऱ्याचे डोळे उघडले. कुठल्या तरी संस्थेतून एका गोड आवाजाच्या बाईनं फोन केला, आमच्या सभेत येऊन बोलाल का? तो म्हणाला, "बाई, माझे डोळे आधीपासून उघडे आहेत. मी अजून त्या कायद्याच्या विरोधातच आहे." आणि फोन ठेवला. इकडचे त्याला फितूर म्हणत होते, तिकडचे त्याला आपला म्हणत होते, आणि त्याला घर कुठेच उरलं नाही.

हार्लन त्याच्याशी बोलत नव्हता. मी एकदा त्याला धरलंच. "त्यानं तुझा जीव वाचवला, गाढवा."

"शपथेवर होता, खरं बोलला. ते मी समजू शकतो," हार्लन म्हणाला. "पण सीटमागची कुणी विचारली होती का त्याला?"

आणि रविवार? रविवारी व्हर्लिन काय जेवत होता, हे मला कधी सुचलं नाही. मी माझ्या मुलाकडे जेवायचे. सगळे हार्लनची काळजी करत होतो. त्या टेबलावर चाळीस वर्षं दोन माणसं आयलीनच्या हातचं खात होती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये, फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दुपारी, मी कॅफे बंद करून घरी आले होते. गावात सगळे कुत्र्यांना तयार करत होते, बंदुका पुसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदुकीशिवाय दिसणं म्हणजे आमच्याकडे लग्नात अनवाणी जाण्यासारखं. मागचं दार वाजलं. व्हर्लिन होता. गोधडीत गुंडाळलेलं ओझं दोन्ही हातांवर, लहान मुलाला आणावं तसं. ती गोधडी आमच्या सासूबाईंनी शिवलेली.

त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं. गोधडी सैल झाली तेव्हा रेची शॉटगनही दिसली. रे गेल्यावर मीच त्याला दिलेली.

"जोलीन," तो म्हणाला, "घरात जरा ओल आलीय."

बंदुका पुरुष पुरुषाकडे नेतात. बाईकडे आणलेल्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. पण त्याला त्या न्यायला दुसरं कुणाचं दार उरलं नव्हतं.

"राहू देत की," मी म्हटलं. माझा आवाज बरा आला. त्याला बसवलं, कॉफी ठेवली, बंदुका रेच्या कपाटात नेल्या. मग पलीकडच्या खोलीत जाऊन मी नियम मोडला. हार्लनला फोन केला.

"व्हर्लिनच्या घरात ओल आलीय," मी म्हटलं.

फोन तसाच खाली पडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ट्रक सुरू झाल्याचा.

तो आला तेव्हा व्हर्लिनची कॉफी अजून संपली नव्हती. हार्लन मागच्या दारातून आत आला, टोपी न काढताच त्याच्यासमोर बसला. मी तिसरा पेला आणला. हार्लननं टेबलावरच्या रिकाम्या गोधडीकडे बघितलं, तिची एक घडी घातली, मग दुसरी. मग खिडकीतून अंगणात उभ्या असलेल्या व्हर्लिनच्या ट्रककडे बघत म्हणाला,

"आणि सीटमागची?"

व्हर्लिननं पेला बाजूला ठेवला, उठला आणि ती आणायला बाहेर गेला. हार्लन त्याच्या मागोमाग गेला.